पायपीट आणि मनाचा हिशेब

महाभारताच्या शेवटाकडे एक लहानसे पर्व आहे, महाप्रस्थानिक पर्व. गावात पोथी लागली म्हणजे तिथवर येईतो निम्मे श्रोते पेंगुळलेले असतात. पण गोष्ट मात्र पोरासोरांनाही ठाऊक असते. परीक्षिताच्या हाती राज्य सोपवून पाच पांडव आणि द्रौपदी वल्कले नेसून निघतात. राजवाडा सुटला, रथ सुटले, शस्त्रेही सुटली. उरली ती वाट. हिमालय ओलांडून, वाळूचा समुद्र मागे टाकून ते मेरूच्या रोखाने चालू लागतात आणि एकेक जण गळतो. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि सर्वांत शेवटी भीम. जो पडेल त्याच्याविषयी भीम विचारतो की याचे काय चुकले, आणि धर्मराज मागे न पाहता उत्तर देतो. द्रौपदीचे मन अर्जुनाकडे अधिक झुकलेले होते. सहदेवाला शहाणपणाचा ताठा, नकुलाला रूपाचा. अर्जुनाने एका दिवसात सगळे शत्रू संपवीन म्हणून बढाई मारली. भीम खादाड, आणि वर बळाचा गर्व.

कीर्तनात हा भाग आला की आपण माना डोलावतो. पण जरा थांबून पाहा. एवढी जीवघेणी वाट चालू आहे, आपली माणसे पडताहेत, आणि हिशेब चालला आहे तो दुसऱ्यांच्या चुकांचा! धर्मराज स्वतःविषयी एक अक्षर बोलत नाही. त्याचा स्वतःचा हिशेब पुढे लागतो, आणि त्याला निमित्त होते एक कुत्रे. हस्तिनापुरापासून ते मागे मागे आलेले असते. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, कुत्र्याला सोड आणि वर बस. धर्मराज म्हणतो, ते व्हायचे नाही. जो भरवशाने मागे आला त्याला टाकून स्वर्ग नको. भावांसाठी मागे वळून न पाहणारा हा माणूस कुत्र्यापाशी अडतो. माझ्या मते या पर्वाचे मर्म तिथे आहे, पडण्याच्या कारणांच्या यादीत नाही.

अवघड प्रवासाने माणूस अंतर्मुख होतो, असे आपण सहज म्हणून जातो. शाळेतल्या मुलांच्या सहलीच्या निबंधातही शेवटचे वाक्य पुष्कळदा तसलेच असते. पण नुसत्या चालण्याने शहाणपण येत असते तर डाकेची थैली खांद्यावर घेऊन उभा जन्म चाललेला प्रत्येक हरकारा ऋषी झाला असता, आणि डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाईला आपण गुरू केले असते. तसे काही होत नाही. मग वाटेवर होते तरी काय? गोष्टीतल्या माणसांचे आणि खऱ्या माणसांचे काय झाले, हे जवळून पाहिल्याशिवाय ते कळायचे नाही.

पहिले दोन-तीन दिवस विचारबिचार काही नसतो, बरं का. ज्यांनी आळंदीहून पंढरपूरची वारी पायी केली आहे त्यांना विचारा. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. त्यातली पुण्याहून सासवडची मजल तीसेक किलोमीटरची, आणि तीही दिवे घाट चढून. त्या दिवशी माणसाच्या मनात पांडुरंग असतो की नाही हे त्याचे त्यालाच माहीत; टाचेचा फोड मात्र नक्की असतो. पोटऱ्या भरून येतात, खांद्याला पिशवीचा बंद काचतो, पुढचा विसावा कुठे आणि पाणी कुठे एवढ्या दोनच गोष्टी डोक्यात राहतात. माणूस चिडचिडाही होतो. पाण्याच्या टँकरवर भल्या भल्या माळकऱ्यांची जुंपते.

मग केव्हातरी शरीर वळणावर येते. पाऊल आपोआप पडू लागते, श्वासाला आणि टाळाला एक ठेका सापडतो, आणि मन मोकळे राहते. विहिरीचा उपसा झाला म्हणजे तळाशी पडून राहिलेली घागर दिसते ना, तसे मग एकेक वर येऊ लागते. भावाशी झालेला बांधाचा तंटा. आईला तिच्या शेवटच्या आजारात टाकून बोललेला एखादा शब्द. घरी हे का आठवत नाही? कारण घरी आपण कोणीतरी असतो. पाटील असतो, मास्तर असतो, सासू असते, थोरला दीर असतो. समोरचा त्या नात्याने हाक मारतो आणि आपण त्या नात्याने उत्तर देतो. दिवस त्यातच जातो. वाटेवर ती हाक येत नाही.

अलीकडे शास्त्रज्ञांनीही या विषयात हात घातला आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. बसलेल्या माणसापेक्षा चालणाऱ्या माणसाला नव्या कल्पना सरासरीने साठ टक्क्यांच्या आसपास अधिक सुचतात, असे त्यांना आढळले. पण त्याच प्रयोगांत दुसरीही गोष्ट दिसली. ज्या प्रश्नाला नेमके एकच उत्तर असते तो सोडवायला चालण्याचा उपयोग होत नाही. म्हणजे चालताना मन सैल होते, तळचे वर येते. उत्तर वाटेवर मिळेलच असे नाही. शिवाय ती माणसे आरामात चालणारी होती, फोड आलेल्या पायांची नव्हती. त्या पायांचे ज्ञान हवे असेल तर प्रयोगशाळेपेक्षा कादंबरीकडे गेलेले बरे.

ती कादंबरी म्हणजे टॉलस्टॉयची 'युद्ध आणि शांती'. प्रसिद्ध झाली १८६५ ते १८६९ या काळात, पण गोष्ट आहे नेपोलियनने रशियावर स्वारी केली तेव्हाची, १८१२ सालची. तिच्यातला प्येर नावाचा उमराव अफाट श्रीमंत, अंगाने जाडजूड, डोळ्यांना चष्मा. मनाने भला, पण कशातच न रमणारा. आयुष्याचा अर्थ काय म्हणून त्याने पुष्कळ वाटा चोखाळल्या आणि सगळ्या सोडल्या. मॉस्को शहर जळत असताना फ्रेंच शिपाई त्याला आग लावणारा समजून पकडतात. कैद्यांच्या छपरात त्याला प्लातोन कारातायेव नावाचा एक साधा शेतकरी शिपाई भेटतो. तो त्याला भाजलेला बटाटा देतो, मीठ लावून कसा खायचा ते दाखवतो. आपल्याकडे हुरड्याच्या आगटीपाशी शेजारचा माणूस जसा हातावर कणीस ठेवील, तसे.

पुढे फ्रेंच सैन्य माघारी निघते आणि कैद्यांनाही बरोबर फरपटत नेते. मॉस्कोहून निघाले तेव्हा कैदी तीनशे तीस. काही आठवड्यांत शंभरसुद्धा उरले नाहीत. जो मागे पडेल त्याला गोळी. प्येर अनवाणी. पायांना जखमा, खायला घोड्याचे मांस. आणि या वाटेवर त्याला एक विलक्षण गोष्ट कळते. पूर्वी मेजवानीला नाचायला जाताना घट्ट बूट घातले म्हणजे जेवढा त्रास व्हायचा, तेवढाच आता या उघड्या, फुटलेल्या पायांनी होतो, अधिक नाही. सुखालाही मर्यादा आहे आणि दुःखालाही, आणि त्या दोन्ही मर्यादा आपण समजतो त्याहून जवळ आहेत. पाने च्या पाने तत्त्वज्ञान वाचून जे हाती लागले नाही ते तळपायांनी शिकवले.

दुसरा कोणी लेखक असता तर इथेच थांबला असता आणि आपण पुस्तक मिटून समाधानाने झोपलो असतो. टॉलस्टॉय थांबत नाही. कारातायेवला ताप भरतो, तो रोज थोडा मागे पडू लागतो, आणि प्येर काय करतो? त्याच्यापासून दूर दूर चालू लागतो. का, ते त्याचे त्यालाही सांगता येत नाही. एके सकाळी कारातायेव एका झाडाला टेकून बसला आहे. तो प्येरकडे पाहतो, जवळ ये असे त्याच्या डोळ्यांत आहे. प्येर न पाहिल्यासारखे करून पुढे जातो. मागे गोळीचा आवाज होतो. प्येर वळून पाहत नाही. कारातायेवच्या पायांत घोटाळणारे एक कुत्रे होते, ते मागे राहून रडू लागते. आणि प्येरच्या मनात येते, काय मूर्ख आहे, रडते कशाला!

पाहिलेत? इथेही वाट, इथेही मागे न पाहणारा माणूस, इथेही कुत्रे. पण इथे माणूस कुत्र्यापाशी अडत नाही. थकवा त्याला मोठा करीत नाही. त्या घटकेला तर तो त्याला लहान करतो. पुढे कझाक घोडेस्वार छापा घालून कैद्यांना सोडवतात, प्येर ओरेल नावाच्या गावी जातो आणि तीन महिने अंथरुणाला खिळतो. पायांना विश्रांती मिळते तेव्हा कुठे जे झाले ते हळूहळू त्याच्या मनात उतरू लागते, कारातायेवचे मरणसुद्धा. वाटेवर दिसलेले कळायला खाट लागली. शिक्षकमित्रांनो, मुलांना प्रवासावर लिहायला सांगताना आपण दुसऱ्याच दिवशी वही मागतो, त्याचा यावरून थोडा विचार करावा.

प्येरला सोबत्याकडे पाहणे झेपले नाही. आता आपल्याकडच्या एका बाईंचे पाहू, ज्या सोबतीच्या माणसांकडे डोळे उघडे ठेवून चालल्या. इरावती कर्वे. मानववंशशास्त्राच्या मोठ्या अभ्यासक, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत. त्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. तो त्यांच्या 'परिपूर्ती' या १९४९ सालच्या संग्रहात आहे. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या भाषणांतून इतकी वापरली जाते की तिच्या मागची पायपीट आपण विसरतो.

त्या लेखात भक्तीचा आनंद आहे, पावसापाण्याची, माणसांची, गाण्याची वर्णने आहेत. पण मला तो लेख महत्त्वाचा वाटतो तो आणखी एका कारणासाठी. दिवसभर एका दिंडीत, एका सुरात अभंग म्हणत चालणाऱ्या बायका मुक्कामावर आल्या की चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. ब्राह्मणांच्या इकडे, मराठ्यांच्या तिकडे. बाईंना ते टोचले, आणि त्या दोन्हीकडे जेवल्या. विद्यापीठात बसून जातिव्यवस्थेवर लिहिणाऱ्या बाईंना तोच विषय ताटावर वाढलेला दिसला. घरून मोटारीने पंढरपूरला गेल्या असत्या तर चंद्रभागा दिसली असती, देऊळ दिसले असते. ही चूल दिसली नसती. सावकाश चालणाऱ्यालाच मुक्काम करावा लागतो, आणि मुक्कामावर माणूस कोणाशेजारी बसतो ते उघडे पडते.

या दोघांपैकी एक सक्तीने चालला, एक आपल्या मर्जीने. तिसरा माणूस घेऊ तो पोटासाठी चाललेला. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, अशी वार्ता आली आणि १८५७ साली भटजी आपले काका रामभट यांच्याबरोबर उत्तरेकडे निघाले. आत्मशोध वगैरे काही नव्हते. कर्ज फेडायचे होते, एवढेच. महूच्या सुमारास वाटेत शिपायांकडून बंडाची बातमी कळली. परत फिरावे तर हात रिकामे. गेले पुढे. झाशीला राहिले. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरात होते. शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि स्वतःही लुटले गेले.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना झाशीची राणी भेटते. लढाईतून आलेली, धुळीने भरलेली, तहानेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नये. ती स्वतः मडक्याने पाणी ओढते आणि ओंजळीने पिते. विहिरीच्या काठावर दोन दमलेली माणसे, आणि पाणी कोणी ओढायचे एवढाच प्रश्न. भटजी त्या प्रसंगावर भाष्य करीत नाहीत. जे पाहिले ते सांगतात आणि पुढे चालू लागतात.

अडीच-तीन वर्षांनी ते घरी आले. ज्या पैशासाठी गेले तो बहुतेक वाटेतच गेला होता. खांद्यावर होती गंगेच्या पाण्याची कावड. काशीहून आई-वडिलांसाठी आणलेली. त्या पाण्याने त्यांनी दोघांना स्नान घातले. आता मला सांगा, 'मी बदललो' असे वाक्य त्यांनी कुठे लिहिलेले नाही, पण दक्षिणेसाठी गेलेला माणूस कावड घेऊन परत येतो यात सगळे आले की नाही? आणि लिहिले तेही पुष्कळ वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांनी आग्रह केला म्हणून. इंग्रज सरकारची धास्ती होती, तेव्हा आपल्या मागे छापावे अशी अट. 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली, भटजी गेल्यानंतर बाहेर आले. कोणी विचारणारा भेटला नसता तर ही सारी वाट वरसईच्या ओटीवरच मिटली असती.

इथवर आपण पाहिले ते असे की शरीर दमले, नात्यांची वस्त्रे उतरली, म्हणजे मन उघडते. पण ते कुणीकडे उघडेल हे ठरलेले नसते. माझे म्हणणे असे की खरा हिशेब सुरू होतो तो आपले पाय दुखतात म्हणून नव्हे. शेजारून चालणाऱ्याचे ओझे दिसते तेव्हा. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण दांडीच्या वाटेवर घडले.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी अठ्ठ्याहत्तर सोबत्यांसह साबरमतीहून निघाले. वय साठ. सुमारे दोनशे चाळीस मैल चालून ५ एप्रिलला दांडीला पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी मीठ उचलले. हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मधला २९ मार्चचा दिवस मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या दिवशी मुक्काम सुरत जिल्ह्यातल्या भाटगाम या गावी होता. निघण्यापूर्वी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून विचारले होते की तुमचा पगार या देशातल्या माणसाच्या सरासरी मिळकतीच्या पाच हजार पटींहून अधिक आहे, हे कसे? आता वाटेत काय चालले होते ते ऐका. सत्याग्रहींसाठी सुरतेहून मोटारलॉरीने दूध येत होते. रात्रीच्या चालीसाठी रॉकेलची मोठी बत्ती; ती तिवईवर ठेवून एका मजुराच्या डोक्यावर दिलेली, आणि यात्रेच्या बरोबर राहायचे म्हणून त्याला भरभर चाल म्हणून हाकीत होते.

गांधीजींना ते पाहवेना. ते भराभर चालून सर्वांच्या पुढे निघून गेले. पण झाले भलतेच. त्यांच्या पुढे उजेड हवा म्हणून त्या मजुराला त्यांच्या मागे पळायला लावले! ओझे टाळायला पावले उचलली तर ओझे अधिकच जड झाले. भाटगामच्या सभेत त्यांनी हे सगळे लोकांपुढे मांडले. आपण व्हाइसरॉयला पगाराचा जाब विचारतो आणि इथे आपण काय करतो आहोत, असा प्रश्न त्यांनी स्वतःला आणि सोबत्यांना घातला. गरिबांच्या देशात ऐपतीबाहेर राहणे म्हणजे चोरीचे अन्न खाणे, अशा कठोर भाषेत बोलले.

मला या प्रसंगात मोठी गोष्ट वाटते ती ही की तो मजूर बत्ती धरून होता. ज्या उजेडात सगळे चालत होते तो उजेड ज्याच्या डोक्यावर, तोच कोणाला दिसत नव्हता. तो दिसायला कोणाला तरी तितकेच दमून, त्याच वाटेने, रात्रीचे चालावे लागले. आगगाडीने दांडीला गेले असते तर मीठ उचलता आले असते, हे दिसले नसते. त्या मजुराच्या मनात त्या रात्री काय चालले होते, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

आणि इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. प्रवासातले आत्मचिंतन म्हणून जे जे आपल्या हाती आले आहे ते बहुतेक अशा लोकांचे, ज्यांना पुढे बसायला सवड मिळाली. बाकीच्यांचे काय? २०२० च्या मार्चअखेर करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. गाड्या बंद, कामे बंद. मुंबई, पुणे, सुरत अशा शहरांतून कामकरी माणसे आपापल्या मुलखाकडे निघाली, त्यांतली कितीतरी पायी, उन्हाळ्यात, लेकरे कडेवर घेऊन. तुमच्या गावच्या फाट्यावरूनही ती गेली असतील. तुमच्यापैकी कोणी त्यांना पाणी दिले असेल, आणि गावाची वेस काटे टाकून बंद केलेलीही कोणी पाहिली असेल. जालन्याहून निघालेले काही मजूर रेल्वेच्या रुळांनी भुसावळकडे चालले होते. तिथून मध्य प्रदेशात घरी जायला गाडी मिळेल या आशेने. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, त्या जिल्ह्यात करमाडजवळ थकून रुळांवरच निजले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली आणि त्यांतले सोळा जण गेले. बरोबर घेतलेल्या भाकऱ्या-चपात्या रुळांवर पडलेल्या सगळ्या देशाने पाहिल्या.

अशा वाटेवर चाललेल्या माणसाला 'प्रवासाने काय शिकवले' म्हणून विचारणे हा निव्वळ अडाणीपणा होय. थकव्यालाही एक माप असते. त्या मापाच्या आत मन मोकळे होते. त्याबाहेर गेले की पुढचे पाऊल आणि पुढचा घोट यापलीकडे काही उरत नाही. पण म्हणून त्यांच्या मनात काहीच आले नाही असेही समजू नये. आले असेल, पुष्कळ आले असेल. त्यांना ओरेलची खाट मिळाली नाही आणि चिंतामणराव वैद्य भेटले नाहीत, एवढाच फरक.

शिक्षकमित्रांनो, हा फरक काही अंशी तुमच्या हातचा आहे. तुमच्या वर्गात अशी मुले आहेत ज्यांच्या घरात एखादी मोठी वाट चाललेले माणूस बसले आहे. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोस-कोस गेलेली आजी असेल. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जाणारे आईबाप असतील. ते पोर स्वतःच चार महिने फडाशेजारच्या कोपीत राहून आले असेल आणि हजेरीपटावर आपण त्याच्या नावापुढे नुसता गैरहजर म्हणून शेरा मारला असेल. त्या पोराला 'माझा अविस्मरणीय प्रवास' हा विषय देऊ नका. अविस्मरणीय म्हटले की ते महाबळेश्वरचा सूर्यास्त लिहील, जो त्याने पाहिलेला नाही.

प्रश्न साधे आणि वस्तूंचे विचारावेत. पाणी कोणी वाहिले? धाकट्याला कडेवर कोणी घेतले? पायांत काय होते? मुक्कामावर आधी कोण झोपले आणि शेवटी कोण? आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गाला 'माझा प्रवास' शिकवताना मी एकदा हेच प्रश्न फळ्यावर लिहिले आणि घरी कोणाला तरी विचारून या म्हणून सांगितले. आठवडा गेला, कोणी काही आणले नाही. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा आला. त्याने आजीला विचारले होते. ती दुष्काळात रोज खडीच्या कामावर जायची, पोर पाठीशी बांधून. प्रश्न ऐकून आधी म्हणाली, त्यात काय सांगायचं, सगळेच जात होते. मग दोन दिवसांनी भाकरी थापता थापता आपणहून बोलू लागली. परतीच्या वाटेवर दुसऱ्या गावची एक बाई रोज थोडा वेळ हिचे पोर घ्यायची. ओढ्यापर्यंत घ्यायची आणि मग आपल्या वाटेने जायची. काम सुटले, पाऊस पडला, भेट संपली. तिचे नाव विचारायचे राहून गेले, हे आजीला पन्नास वर्षांनी भाकरीपाशी आठवले. पाठीवरचे ते पोर म्हणजे त्या मुलाचा बाप. पोराने ही हकीकत आजीच्याच बोलीत दीड पान लिहून आणली होती.

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या मी पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून दिल्या, मूळ पानाला हात लावला नाही. तुम्हीही असे पान मिळाले तर त्याच्यावर लाल शाई चालवू नका, स्पर्धेला पाठवू नका, की भिंतीवरच्या फळ्यावर टाचू नका. पान ज्याच्या घरचे त्याला परत द्यावे, आणि घरी वाचून दाखव म्हणून सांगावे. ज्याने वाट चालली त्याला आपली वाट ऐकायला मिळाली म्हणजे बहुधा दुसरी एखादी आठवण निघते; तेव्हा त्या मुलाकडे पाठकोरे कागद थोडे जास्तच देऊन ठेवावेत.